अहवालासोबत मूलही वाचा

विशेष गरजा असलेली मुलं तुमच्या वर्गात पहिल्यांदाच आली आहेत, म्हणून सांगते. मुलाच्या तपासणीच्या अहवालातलं निदान वाचाच, पण सुरुवातीला मुलाकडे नीट बघा: ते कोणत्या तासाला अस्वस्थ होतं, त्याआधी नेमकं काय घडलं? वहीत टिपून ठेवा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या बिथरण्यामागे बऱ्याचदा गोंगाट किंवा अचानक झालेला बदल असतो. बदल आधी सांगा, चित्रांचं वेळापत्रक समोर लावा. सूचना एका वेळी एकच. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनात अडचण, असलेल्या मुलाने स्वतःहून हात वर केल्याशिवाय त्याला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका, हे कळकळीने सांगते. त्याची उत्तरं तोंडी घ्या, मग त्याला किती येतं ते कळेल. आणि पालकांना फक्त तक्रारीसाठी बोलावू नका. घरी काय उपयोगी पडतं, ते त्यांना विचारा.