झाड निजलंय

प्रिय ओवी,

मंगळवारी रात्री तू जे विचारलंस, त्याला उत्तर न देता मी भांडी घासायला निघून गेले. "पालापालाईचा नेचा तोडायच्या आधी त्याला विचारायचं असं हुला नाच शिकवणाऱ्या कुमू म्हणाल्या, तेव्हा तू 'किती छान' म्हणालीस. आजी तसंच सांगते तेव्हा तोंड वाकडं करतेस. का?" चार दिवस ते डोक्यातून जात नाहीये. तोंडी सांगायला गेले तर मी एक तर चिडेन नाही तर विषय बदलेन, म्हणून लिहिते आहे. अडलेले शब्द बाबाला विचार.

त्या संध्याकाळी मला कुपुकुपू नेच्याची सहा रोपं जमिनीत लावायची होती. ऑफिस, तुझा हुलाचा क्लास, आजीची आंघोळ, औषधं, या सगळ्यातून तेवढाच अर्धा तास सुटला होता. आपल्या मागच्या अंगणात लाव्हावर जेमतेम चार बोटं माती, पहारीशिवाय खड्डा होत नाही. पहिली कुंडी उपडी करून मुळं सोडवत होते, तेवढ्यात आजी पायऱ्या उतरून आली आणि तिने माझं मनगट धरलं. "हात लावू नको गो, झाड निजलांहा." मी म्हटलं, "आई, पुरे आता." मोठ्यानेच म्हटलं. तू खिडकीत होतीस हे मला नंतर कळलं.

आजी सकाळी काय खाल्लं ते विसरते. आपण हवाईत, हिलोत आहोत हेही अधूनमधून विसरते, आणि त्यात तिची चूक नाही. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, छपरावर रात्रभर तोच आवाज. सावंतवाडीच वाटणार तिला. पण झाड तिन्हीसांजेला निजतं हे मात्र ती विसरलेली नाही.

मी तुझ्याएवढी होते तेव्हाचं सांगते. एकदा दिवेलागणीनंतर पाहुणे आले आणि फोडणीला कढीपत्ता नव्हता. आईने, म्हणजे तुझ्या आजीने, मला किंवा भाऊमामाला पाठवलं नाही. ती स्वतः कंदील घेऊन परसात गेली, मी पदर धरून मागे. झाडापाशी थांबून तिने खोडावर हात ठेवला, आपण झोपलेल्या माणसाला उठवायला ठेवतो तसा, आणि काहीतरी पुटपुटली. मग एकच डहाळी काढली. मी विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणाली, "काय म्हणतलंय? पाहुणे इलेत म्हटलंय." बस. मंत्र नाही, देवाचं नाव नाही. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं.

पुढे शाळेत बाईंनी सांगितलं की रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून जुन्या लोकांनी हा नियम केला. मला ते फार आवडलं. घरी येऊन आईला ऐटीत ऐकवलं. ती "असात" म्हणाली आणि भात वाढला. मला वाटतं, तिची थोडी लाज वाटायला लागली ती तेव्हापासून. नलूमावशीचं म्हणणं वेगळंच: परसात फुरशी फार, पोरांनी काळोखात तिकडे जाऊ नये म्हणून हे सगळं. तेही खरं असेल.

आणि हेही लिहायला हवं. घराची दुरुस्ती निघाली तेव्हा मागचा फणस भरदुपारी तोडला. त्याला कोणी विचारलं होतं का? मला आठवत नाही. आई त्या दिवशी चहा करत होती, करवतवाल्यांसाठी. म्हणजे आजी म्हणते ते सगळं बरोबर आणि आम्ही मोठे थोर होतो, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

तुझ्या कुमूंचं म्हणणं मला छान वाटलं, कारण ते मी बाहेरून ऐकलं. विचारा, लागेल तेवढंच घ्या, एकाच झुडपाचं सगळं ओरबाडू नका. त्यासाठी मला लहानपणी कोणी ओरडलं नव्हतं, म्हणून ते ऐकणं सोपं गेलं. यापेक्षा बरं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

रोज सकाळी आपण तिघी चालायला जातो तेव्हा मी घड्याळ बघत असते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आजी मात्र प्रत्येक कुंपणापाशी थांबते. कोपऱ्यावरचा सोनटक्का दिसल्यावर तिने काय केलं आठवतंय? फूल वासाला धरून तशीच उभी राहिली, आणि मागून आपले इथलेच अंकल म्हणाले, हे उपटायला हवं, इथलं नाही ते, आमच्या झाडांना जागा ठेवत नाही. त्यांचं बरोबरच आहे. त्याचा भाऊबंद, तो हिमालयातला पिवळा काहिली, त्याने तर वर व्होल्केनो गावाकडच्या जंगलात धुमाकूळ घातलाय. पण ते मी आजीला मराठीत सांगितलंच नाही. फूल तिच्या वेणीत घातलं.

अंकलनीच आपल्याला हापुउचं, म्हणजे इथल्या झाडाएवढ्या नेच्याचं, खोड दिलं. खरा हापुउ कसा ओळखायचा तेही दाखवलं: देठाच्या बुडाशी सोनेरी लोकर, तर ऑस्ट्रेलियातून आलेल्या नेच्याला पांढरट खवले. त्या लोकरीला पुलू म्हणतात. १९व्या शतकात ती जहाजं भरभरून कॅलिफोर्नियाला जायची, गाद्या-उशांत भरायला, आणि तिच्यापायी कितीतरी हापुउ कापले गेले. आजीने ती बोटांत चुरडली आणि म्हणाली, "सावरीचो कापूस." आमच्या उशा सावरीच्याच होत्या. मी लहानपणी ज्या उशीवर डोकं ठेवून रडायचे तिचा स्पर्श मला एकदम आठवला, पण मी "चल आई, उशीर होतोय" म्हटलं.

आणि त्या काड्या! नवीन कुंड्यांत बारक्या लाल मुंग्या आहेत का बघायला आपण काड्यांना पीनट बटर लावून तासभर ठेवतो ना, ते बघून आजीने हात जोडले. तिला वाटलं नैवेद्य. तू हसलीस, मीही हसले. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. ते खरंच मजेशीर होतं.

तू संध्याकाळी पान तोडू नयेस असा माझा हट्ट नाही. तुला पटेल ते कर. मलाच पटलंय की नाही, ठाऊक नाही. फक्त आजी सांगेल तेव्हा "कुमू पण असंच म्हणतात" एवढं तिला सांगशील? मला ते जमत नाही.

उपडी केलेली कुपुकुपू मी त्या रात्री तशीच परत कुंडीत ठेवली, ती नळापाशी आहे. एक नवा कोंब आलाय, अजून गुंडाळलेला, मोडू नकोस. शनिवारी उजाडल्यावर लावू. पहार मी आणते, आजीला तू उठव. तिच्या चपला दाराबाहेर आहेत, आतून झटकून दे, काल त्यात कोकी बेडूक बसला होता.

आई