वाचकांचे प्रश्न : गुगल बदललं की आमचीच साइट का पडते?

या महिन्यात वेबसाइटबद्दलची तीन पत्रं आलीत, सांगली, मिरज आणि तासगाव, आणि तिन्हीचं दुखणं एकच आहे म्हणून एकत्रच घेतोय.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो, घरची हळद आहे. २०१७ पासून हळदीवर मराठी वेबसाइट चालवतो. सप्टेंबर २०२३ पासून वाचक कमी व्हायला लागले. एका एसईओवाल्यानं, म्हणजे साइट गुगलवर वर आणून देणाऱ्यानं, सांगितलं की लेख लहान पडतात, प्रत्येक लेख दोन हजार शब्दांचा करा आणि 'सांगली हळद' हा शब्द दर परिच्छेदात येऊ द्या. सगळे साठ लेख तसे करून घेतले. मार्च २०२४ नंतर तर निम्मेही वाचक राहिले नाहीत. गुगलनं मला कशाची शिक्षा दिली?

उत्तर : दादा, तुम्ही हळद शिजवण्याच्या लेखाची जुनी आणि नवी दोन्ही पानं पाठवलीत ते फार बरं केलंत. जुना लेख साडेतीनशे शब्दांचा असेल. सुरुवातच अशी की काहिलीतलं पाणी कंदाच्या वर राहिलं पाहिजे, फेस यायला लागला आणि पांढऱ्या वाफेबरोबर हळदीचा उग्र वास सुटला की होत आली समजायचं, मग एक हळकुंड काढून काडी टोचून बघायची, सहज आत गेली की जाळ ओढायचा. आणि खाली पहिल्या वर्षीचा तुमचा तो घाणा, जो जास्त शिजला, वाळल्यावर रंग उतरला आणि सौद्यात त्याच पोत्यांना दर कमी लागला. आता नवा लेख बघा. हळद म्हणजे काय, हळदीचं आपल्या संस्कृतीतलं महत्त्व, सांगली हळदीचे दहा फायदे, आणि काडीची गोष्ट कुठं तर चौदाव्या परिच्छेदात, बिघडलेला घाणा तर काढूनच टाकलाय. फेब्रुवारीत काहिल पेटवून एका हातात मोबाइल धरून उभा असलेला माणूस चौदाव्या परिच्छेदापर्यंत कशाला येईल, तो मागं जाणार आणि दुसरं पान उघडणार.

तर शिक्षा वगैरे काही नाही. शिक्षा असते तेव्हा सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्याला आपली साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, 'मॅन्युअल अ‍ॅक्शन'खाली तशी नोंद दिसते, तुमच्याकडं ती नाही असं तुम्हीच लिहिलंय. झालंय असं की गुगलनं पानं तोलायची पद्धत बदलली आणि नेमक्या त्याच वेळी तुमची पानं हलकी झाली.

हे थोडं मागून सांगतो, म्हणजे तुमच्या एसईओवाल्याचा सल्ला कुठल्या काळातला आहे ते कळेल. सुरुवातीला, १९९८ च्या आसपास, कुठल्या पानाकडं किती आणि कसल्या लिंक येतात यावर गुगलचा मोठा भर होता. मग लोकांनी लिंक विकत घ्यायला आणि पानात एकच शब्द पन्नास वेळा कोंबायला सुरुवात केली. २०१० च्या सुमाराला तर स्वस्तात ढिगानं लेख पाडणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या, मी स्वतः अशा एकीसाठी काही महिने लिहिलंय, विषय हातात यायचा आणि ज्यातलं ओ की ठो कळत नाही त्यावर तासाभरात लेख द्यायचा, आणि ते लेख वरती दिसायचे, खऱ्या जाणकाराचं पान खाली. फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा नावाचा बदल आला तो याच्यावर. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल त्यानं हलले, ऑगस्टपर्यंत इंग्रजी सोडून बहुतेक इतर भाषांतही तो लागू झाला. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आला तो विकतच्या आणि बनावट लिंकांवर. नंतर २०१९ ला बर्ट आलं, त्यानं वाक्यातला अर्थ जास्त कळायला लागला, आणि ते त्याच वर्षी डिसेंबरात मराठीसकट सत्तरच्या वर भाषांत सुरू झालं. म्हणजे 'सांगली हळद' हा शब्द दर परिच्छेदात घालायची गरज कधीच संपलीय.

तुमच्या कामाचा बदल मात्र ऑगस्ट २०२२ चा. त्याचं नाव 'हेल्पफुल कंटेंट'. आधी इंग्रजीत, मग डिसेंबर २०२२ पासून सगळ्या भाषांत. यात एकेक पान वेगळं बघून थांबत नव्हते, साइटवर नुसती सर्चसाठी लिहिलेली पानं बरीच असली तर त्याचा भार बाकीच्या चांगल्या पानांवरही पडायचा. सप्टेंबर २०२३ ला तो कडक झाला आणि मार्च २०२४ मध्ये मुख्य रँकिंगमध्येच मिसळला. साठच्या साठ लेख फुगवल्यावर काय झालं असेल ते आता तुम्हीच जुळवून बघा. आणि दोन हजार शब्दांचं म्हणाल तर गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात सरळ लिहिलंय की आम्हाला आवडणारी अशी कुठली शब्दसंख्या नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, सगळा दोष तुमच्या माथी मारू नका. सप्टेंबर २०२३ ला तुमची पानं अजून जुनीच होती, चांगली होती, तरी थोडी घसरली. अशा कितीतरी लहान, प्रामाणिक साइट तेव्हा पडल्या, लोकांनी खूप ओरड केली, आणि ऑगस्ट २०२४ च्या कोअर अपडेटच्या, म्हणजे मुख्य रँकिंगमधल्या मोठ्या बदलाच्या, वेळी लहान स्वतंत्र साइटवाल्यांचं म्हणणं विचारात घेतलंय असं गुगललाही सांगावं लागलं. चांगलं लिहिलं की वर येतंच असं नाही, पण तुम्ही घाबरून चांगलं होतं तेच मोडलंत याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता काय करायचं. आधी सर्च कन्सोल उघडा आणि ऑक्टोबरची तुलना फेब्रुवारीशी करू नका, हळदीचा शोध सीझनला वाढतो, म्हणून गेल्या फेब्रुवारीशी यंदाचा फेब्रुवारी लावा. क्रमांक तोच असेल आणि नुसते क्लिक कमी झाले असतील तर ते दुखणं वेगळं, हल्ली उत्तराचा सारांश निकालाच्या वरतीच मिळतो आणि लोक आत येत नाहीत. क्रमांकच घसरला असेल तर लेखाकडं बघा. जुने लेख परत आणा, पानाचा पत्ता तोच ठेवून, नवीन पत्ता करू नका. फुगवलेल्यातलं जे खरंच उपयोगी असेल तेवढंच ठेवा. 'हळदीचे फायदे'सारखे जे लेख फक्त गर्दीसाठी घातलेत ते काढा, मात्र एखादा लेख नुसता जुना झालाय म्हणून उडवू नका, त्यानं काही होत नाही. तुम्हीच लिहिलंय की हरिपूरच्या पेवांवरचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवरचा, लेख फारसा पडला नाही. कसा पडेल, तो लेख तुम्ही पेवाच्या तोंडाशी उभं राहून लिहिलाय, पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात, हे तिथं गेल्याशिवाय कुणाला सुचलं असतं? आणि धीर धरा, अशी सुधारणा गुगलच्या लक्षात यायला महिने जातात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं.

प्रश्न : मिरजेत आमचं सतारी-तंबोरे बनवायचं घराणं आहे. मुलगा वेबसाइटचे लेख एआयकडून लिहून घेतो, एका दिवसात तीस झाले. गुगलला कळलं तर साइट काढून टाकतील का?

उत्तर : ताई, एआयनं लिहिलं एवढ्यासाठी कुणी काढत नाही, लेख कसा तयार झाला यापेक्षा तो कसा आहे ते बघतो असं गुगलनं फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितलंय. पण मार्च २०२४ पासून नियम आलाय की वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काही नसताना नुसतं वर दिसण्यासाठी ढिगानं पानं पाडली तर ते स्पॅम, मग ती माणसानं पाडलेली असोत की मशीननं. एका दिवसात तीस म्हणजे तो रस्ता तिकडंच जातो. मी त्यातले पाच वाचले, 'सतार हे एक तंतुवाद्य आहे' असंच पाचही सुरू होतात. तुमच्या घरात जवारी काढणारा, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज जमवणारा माणूस घोडीवर, तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत कानस, असं किती वेळ, आणि आवाज बंद हवा की खुला हे गिऱ्हाइकाला कसं विचारतो, हे त्या पाचात एका ओळीत पण नाही. मुलाला सांगा, आजोबांजवळ बस आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. टायपिंगला, शुद्धलेखनाला खुशाल एआय वापर, पण बोलणं आजोबांचं पाहिजे. डिसेंबर २०२२ पासून गुगलच्या गुणवत्तेच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द मुद्दाम वाढवलाय आणि तो तुमच्याकडं पिढ्यांचा आहे. ती तीस पानं उतरवा, अशी चारच ठेवा.

प्रश्न : तासगावच्या बेदाणा भावाचं पान आहे. रोज फक्त तारीख बदलली की पान ताजं दिसतं, हे चालतं का?

उत्तर : नाही चालत. मजकूर तोच ठेवून तारीख बदलणं हे गुगलनं नको म्हटलेल्या गोष्टींत आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो दर बघून कुणीतरी गाडी भरून सौद्याला निघतो. हिरवा, पिवळा, काळा यांचे दर वेगवेगळे लिहा, प्रत्येकापुढं तो कुठल्या सौद्याचा आहे ती तारीख टाका, आणि ज्या दिवशी सौदे नसतील त्या दिवशी पानावर तसंच लिहा, आज सौदे नाहीत, खालचा दर मागच्या सौद्याचा आहे.