शुक्रवारी ऑफिसला काय घालू?

प्रश्न : वय 36. चिंचवडला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे. लग्न झालंय, एक मुलगी आहे. मला बायकांचे कपडे घालायला आवडतात, कॉलेजपासून. घरी सुट्टीच्या दिवशी कुर्ती घालतो, कधी साडी नेसतो. बायकोला लग्नाआधीच सांगितलं होतं. निऱ्या नीट पडल्या नाहीत तर ती खाली बसून सारख्या करून देते. मला बाई व्हायचं नाही. मी पुरुषच आहे, आणि मला पुरुष आवडत नाहीत हेही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच असतो.

आमच्याकडे शुक्रवारी युनिफॉर्मची सक्ती नसते. गेल्या महिन्यात जीन्सवर गडद निळी, पांढऱ्या बुट्ट्यांची लेडीज कुर्ती घालून गेलो. दिवसभर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये स्टोअर्सचा एक जण म्हणाला, "काय राव, आज वहिनींचं कपाट उघडलं का?" सगळे हसले, मीही हसलो. बायको म्हणते, घरात काहीही घाल, त्या बसमध्ये नको. मला मात्र पुढे जायचंय. पलाझो, कानात काहीतरी, जमलं तर लिपस्टिक. एचआरला आधी विचारू का? काढून टाकतील का? बालगंधर्व लोकांना चालले, मग मी का नाही?
– नाव छापू नका, चिंचवड

उत्तर : बालगंधर्वांना यात आणू नका. त्यांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल भल्या घरच्या बायका करत होत्या हे खरंच आहे, पण प्रयोग संपला की नारायणराव कोट-टोपीत. लोकांनी तिकीट काढलं होतं ते पडदा पडेपर्यंतचं. परचेसमध्ये पडदा पडत नाही, सहानंतर त्याच लोकांबरोबर बसनं घरी यायचं असतं. तुमच्या पत्नीनं नेमकी बसच का निवडली हे तुमच्या लक्षात आलंय का? त्या बसमधली निम्मी माणसं तुमच्याच भागात उतरत असणार, आणि त्यांची मुलं तुमच्या मुलीच्या शाळेत. तिची तक्रार कुर्तीबद्दल नाहीच. म्हणून शुक्रवारी आपली दुचाकी काढा. एवढ्यानं घरातला अर्धा वाद मिटेल, उरलेल्या अर्ध्याबद्दल तिलाच विचारा. एचआरच्या आधी तिला.

आता एचआर. निवृत्त होईपर्यंत मी पिंपरीत एका कारखान्याच्या पर्सोनेलला होते, त्यामुळे आतली रीत सांगते. "असं चालेल का?" अशी मेल आली की खात्यातला माणूस स्वतःहून कधीच "चालेल" म्हणत नाही. तो ती वर पाठवतो, वरचा आणखी वर, आणि तुम्ही फक्त एक कपडा विचारला होता त्याची फाइल होते. तेव्हा विचारू नका. आधी ड्रेस कोडचं लेखी धोरण मागून घ्या, ते मागण्यात वावगं काही नाही. बऱ्याच ठिकाणी 'सभ्य आणि नीटनेटका पोशाख' इतकंच असतं. त्यात बसेल ते घाला. कुणी हरकत घेतलीच तर "कुठल्या कलमाखाली?" असं शांतपणे विचारा.

काढून टाकतील का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या नालसा खटल्यात सांगितलं की आपली लिंगओळख कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हा घटनेनं दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. पण तो हक्क मागायचा तो मुख्यतः सरकारकडे. खासगी मालकाला बांधतो तो पुढे आलेला 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा. नोकरीत भेदभाव करू नये असं तो म्हणतो, पण 2019 च्या व्याख्येप्रमाणे, ज्यांची ओळख जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळत नाही त्यांच्यासाठी. तुम्ही स्वतःच लिहिता की मी पुरुषच आहे, मला फक्त हे कपडे आवडतात. म्हणजे तुम्ही त्या छत्रीच्या कडेला उभे आहात आणि खांदा भिजतोय. गोदरेजनं 2018 मध्ये कामाच्या ठिकाणी ट्रान्स व्यक्तींना कसं सामावून घ्यावं याचा जाहीरनामा काढला होता, चांगलं काम होतं ते. पण अशा धोरणांतही तुमच्यासारख्याचा विचार सहसा शेवटी होतो. आणि तुम्ही अधिकारी श्रेणीत असाल तर नेमणूक पत्रातलं नोटिशीचं कलम वाचा. एक किंवा तीन महिन्यांचा पगार देऊन मोकळं करताना कुणी कुर्तीचं नाव कागदावर आणत नाही. याचा अर्थ भिऊन बसा असा नाही. हातात सहा महिन्यांचा घरखर्च असेल तर लिपस्टिक लावा, नसेल तर आधी तो जमवा.

कुणी डॉक्टरकडे जायला सांगितलं तर एवढं माहीत असू द्या : जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत या आवडीसाठी विकारांचे वेगळे रकाने होते. 2022 पासून लागू झालेल्या यादीत ते नाहीत.

तुम्ही लिहिलं नाहीत ते मी विचारते. हे कपडे अंगावर असावेत एवढंच हवंय, की ते लोकांना दिसावेत असं वाटतं? दोन्हींचा खर्च फार वेगळा आहे. अंगावर हवेत तर आतून रेशमी स्लिप घालून तुम्ही आयुष्यभर ऑडिटला बसू शकता, कुणाच्या बापाला कळणार नाही. फक्त वरचा शर्ट पांढरा आणि पातळ नको, पट्ट्या दिसतात. दिसायला हवंय असं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती दोन-तीन महिने तशीच ठेवा. लोक कपड्याला सरावतात. दर शुक्रवारी नवीन काही आलं तर सरावायला वेळच मिळत नाही, मग ते शुक्रवारची वाट बघायला लागतात.

आणि ती निळी कुर्ती दुकानातून तयार आणली होती ना? तिथेच फसलं. बायकांच्या तयार कुर्तीला छातीवर टक्स असतात, पुरुषाच्या अंगावर ते टोक रिकामं उभं राहतं. खांदा अरुंद, फाइल काढायला हात वर केला की मुंढ्यात ताणतं. शिवून घ्या. शिंप्याला सांगा : खांदा माझ्या शर्टाच्या मापाचा, टक्स नको, घेर आणि गळा कुर्तीचा. कापड तुम्हाला आवडेल ते, अजरख, इकत, खण. खणाची जाकिटं हल्ली नवरदेवाचे मित्रही घालतात, त्यामुळे त्या कापडाकडे बघून भुवया उंचावत नाहीत. पलाझो घेतलात तर खिसे लावून घ्या आणि नाडीऐवजी इलॅस्टिक. पुरुषांच्या स्वच्छतागृहात नाडीची गाठ बसली की काय होतं ते मी सांगायला नको. कानासाठी भिकबाळी. पेशवाईपासून पुण्यात पुरुषांच्या कानात आहे, ढोल-ताशा पथकातली पोरं मिरवतात. त्यावर बोलायची स्टोअर्सवाल्याची प्राज्ञा नाही. लेडीज चपला दुकानात बहुधा 41 नंबरला संपतात, पाय मोठा असेल तर कोल्हापुरीच करून घ्या.

शॉप फ्लोअरवर किंवा व्हेंडरच्या प्रेस मशीनजवळ जायचं असेल त्या दिवशी हे सगळं बंद. ओढणी, लोंबती बाही, कानातलं, काहीही नको. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टनं चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराला अंगाबरोबरचे कपडे मालकानं पुरवायला सांगितलं होतं, ते उगाच नाही. (त्याच कलमात 'प्रौढ पुरुष कामगार' असंही लिहिलेलं होतं, म्हणजे घट्ट कपडे आणि यंत्र दोन्ही पुरुषांचं. असो.) ड्रॉवरमध्ये एक साधा शर्ट आणि सेफ्टी शूज ठेवा.

त्या स्टोअर्सवाल्याला पुढच्या वेळी सांगा, "वहिनींचं नाही, माझंच कपाट आहे." हसून सांगा, पण सांगा. बसमध्ये नव्हे, डब्याच्या वेळी.

---

प्रश्न : मी 24 वर्षांची, सातारा जिल्ह्यात एका सहकारी बँकेत नुकतीच लागले. मला पँट-शर्टच बरा वाटतो, केसही बारीक आहेत. मॅनेजर म्हणतात सोमवारी साडीच. घरी आईसुद्धा त्यांच्याच बाजूनं. काय करू?
– एक क्लार्क

उत्तर : मॅनेजरांना हा नियम कुठे लिहिलाय ते विचारा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनानं स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचं परिपत्रक काढलं, त्यात महिलांसाठी साडी आणि सलवार-कुर्त्याबरोबर ट्राउझर आणि शर्टही आहे. वरच्या पत्रातल्या गृहस्थांसाठी त्याच परिपत्रकात शर्ट आणि पँट, संपलं. तुमची बँक त्याला बांधील नाही, पण मंत्रालयात चालतं ते शाखेत का चालू नये, याला मॅनेजरांकडे चटकन उत्तर नसेल. शर्ट फिकट रंगाचा, इस्त्रीचा, पूर्ण बाहीचा. पायात बंद बूट. अर्ज दोनच ओळींचा करा, परिपत्रकाची प्रत जोडा आणि पोच घ्या. आईंशी या महिन्यात वाद घालू नका, आधी प्रोबेशन संपू द्या.