हशा पिकला तरी उठायचे नाही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री आलेला तुझा लांबलचक मजकूर मी दोनदा वाचला. स्टुटगार्टला येऊन तुला पाच महिने झाले, काम जमते आहे, पगार वेळेवर मिळतो आहे, आणि तरीही गेले तीन आठवडे तू दुपारचा डबा कॅन्टीनमध्ये न नेता आपल्या जागेवर, संगणकासमोर बसून एकटीने खाते आहेस, कारण एके दिवशी तुझ्या एका वाक्यावर सगळ्या टेबलावर हशा पिकला. तुझ्या या डब्याने माझी झोप उडवली. तसाच डबा मी सात वर्षे खाल्ला आहे.

घडले काय, ते आधी नीट पाहू. उन्हाळ्याचा दिवस होता आणि तुला सांगायचे होते की मला फार गरम होते आहे. तू म्हणालीस, ‘इश बिन हाइस’. शब्द सगळे बरोबर, पण जर्मन माणसाच्या कानाला त्यात उकाडा ऐकू येत नाही, शृंगार ऐकू येतो. म्हणून ते पाच जण हसले. म्हणायला हवे होते, ‘मिअर इस्ट हाइस’. यातला ‘मिअर’ म्हणजे आपला ‘मला’. आपणही ‘मी गरम आहे’ असे कधी म्हणत नाही. गरम होते ते मला, थंडी वाजते ती मला. मराठीतून सरळ जर्मनमध्ये गेली असतीस तर तू चुकलीच नसतीस, पण इंग्रजीवरून वळसा घातलास आणि तिथे घात झाला. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसून एवढे सांगितले असतेस, की आमच्या भाषेतही हे वाक्य तुमच्यासारखेच आहे, तर ते पुन्हा हसले असते आणि त्या हसण्यात तूही असतीस. पण तू उठलीस. वाक्य चुकले याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझे भांडण त्या उठण्याशी आहे.

हशा पिकला तरी जागेवरून उठायचे नाही. तीस वर्षांहून अधिक काळ परदेशात काढल्यावर मला ठामपणे सांगता येईल असे हे एकच वाक्य आहे, आणि ते मला फार उशिरा सापडले.

मी १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये येथे आलो. या भागात इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते, तिला ‘केअरवोखे’ म्हणतात, हे तुला एव्हाना ठाऊक झालेच असेल. ज्याची पाळी, त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की ती पुढच्या दारावर जाते. मला हे कोणी सांगितले नव्हते. माझ्या दारावर पाटी दिसली, ती शेजारणीची असेल असे समजून मी तिच्या दारावर नेऊन लावली. सकाळी ती पुन्हा माझ्या दारावर. मी पुन्हा परत केली. असे तीनदा झाले. चौथ्या दिवशी घंटा वाजली. दारात साठीच्या घरातली ती बाई उभी होती, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात पाटी, आणि हसू इतके अनावर झालेले की डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी पाटी घेतली, ‘डांके’, म्हणजे आभार, एवढेच म्हणालो आणि दार लावून घेतले.

त्यानंतर अकरा वर्षे आम्ही एकाच जिन्यावर राहिलो आणि आमचे बोलणे ‘ग्र्यूस गॉट’च्या, म्हणजे इथल्या नमस्काराच्या, पुढे गेले नाही. जिना मात्र मी असा पुसत असे की कोणाला नाव ठेवायला जागा राहू नये. ती वृद्धाश्रमात जायला निघाली त्या दिवशी सामानाच्या खोक्यांमध्ये उभी राहून तिने माझ्या सात वर्षांच्या मुलाला पाटीची ती सगळी हकिकत हावभावांसह सांगितली, आणि मुलगा पायरीवर बसून पोट धरून हसला. जी घटना मी अपमान म्हणून गाडून टाकली होती, ती या बाईने अकरा वर्षे आवडीने सांभाळली होती. त्या दिवशी ती झाडू कसा मारायचा ते दाखवायला आली असणार. मी आत बोलावले असते, तर कॉफीलाही बसली असती.

माझीही एक बाजू आहे, ती तुला ऐकावी लागेल. मी येण्याच्या आधी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, सोलिंगेन गावात एका तुर्की कुटुंबाच्या घराला आग लावली गेली आणि पाच मुली-बायका जळून मेल्या. व्हिसा नोकरीला बांधलेला, घरी आईवडील पैशांची वाट पाहत असलेले. अशा वेळी सावळ्या रंगाच्या माणसाला चारचौघांतले हसू सहज पेलत नाही. ते कुठे जाऊन थांबेल याची त्याला खात्री नसते. ती भीती खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही. पण ती खरी होती म्हणून शेजारणीच्या तोंडावर दार लावणे बरोबर ठरत नाही, हेही मला दिसते. माझी पत्नी बेकरीत जर्मन शब्दांना चुकीचे लिंग लावून बोले, स्वतःच हसे आणि पावाबरोबर दहा शब्द घेऊन येई. एकदा बाहेर पडताना मी तिला म्हणालो, ‘लोकांसमोर असे दात काढत जाऊ नकोस.’ या वाक्याची मला अजून लाज वाटते. आज या शहरात आम्हाला जी माणसे आहेत, ती सगळी तिने जोडलेली आहेत.

तू लिहितेस की हसायला तुला मराठी मैत्रिणींचा गट पुरतो आणि जर्मन लोकांना विनोद कळतच नाही. हे वाचून मी खरोखर चिडलो. याच शहराने मान्फ्रेड रोमेल यांना तीनदा महापौर केले, १९७४ ते १९९६, आणि त्यांच्या मिश्कील बोलण्याची आठवण जुनी माणसे अजून काढतात. रोटवाइल गावात फास्नेटच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, सोमवारी सकाळी आठ वाजता लाकडी मुखवटे घातलेले सोंगाडे काळ्या वेशीतून बाहेर पडतात. त्यांच्या हातात चित्रांची वही असते आणि तीत वर्षभरातल्या गावकऱ्यांच्या फजित्या असतात. ज्याची फजिती, त्यालाच गाठून ती वाचून दाखवायची अशी रीत आहे. आपल्या शिमग्याहून हे वेगळे काय आहे? शिमग्याला ज्याच्या नावाने बोंब मारतात तो गावातलाच असतो. वाटसरूच्या नावाने कोणी बोंब मारत नाही. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये ते पाच जण तुला वाटसरू समजत असते, तर ऐकून न ऐकल्यासारखे करून जेवत राहिले असते.

कधी तरी कोणी तुझ्या रंगावर किंवा देशावर हसेल. तेव्हाही उठू नकोस. शांतपणे म्हण, यात हसण्यासारखे काय आहे ते मला समजावून सांगा. अशा हसण्याचे स्पष्टीकरण देता देता माणूस अडखळतो, आणि तो अडखळताना तू समोर बसलेली असायला हवीस. हे मी स्वतः दोनदा केले आहे. दोन्ही वेळा टेबलावरचे बाकीचे लोक माझ्या बाजूला आले. मी उठून गेलो असतो तर त्यांना तशी संधीच मिळाली नसती.

आता उद्याचे. बाराच्या सुमारास सगळे ‘मालत्साइट’, हा जेवणवेळेचा नमस्कार, म्हणत कॅन्टीनकडे निघतील, तेव्हा डबा उचल आणि त्यांच्याबरोबर जा. त्याच खुर्चीवर बस. ‘मिअर’ आणि ‘मला’ यांची गोष्ट त्यांना सांग. जर्मन अडखळली तर अडखळू दे. मग कोण काय म्हणाले ते मला शुक्रवारपर्यंत लिही. फेब्रुवारीत आपण पहाटेच्या गाडीने रोटवाइलला जाऊ. तुझी काकू थालीपिठे बांधून घेणार आहे.

तुझा,
काका