मेंटॉरशिप हाती घेताना

प्रिय,

प्रथम वर्षाच्या वर्गाची मेंटॉरशिप तुझ्याकडे आली आहे. सत्रातून दोन बैठका, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी सह्या, की झालं काम, असं स्टाफरूममध्ये सांगतील. ते मनावर घेऊ नकोस. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं अभ्यासाआधी कागदांवर अडतात आणि कुणाला बोलत नाहीत.

पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाला एकेकटं भेट. "शिष्यवृत्तीवाले कोण?" असं भर वर्गात कधीच विचारू नकोस, ते चारचौघांत जात विचारणंच आहे. "अर्ज भरला का?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात, म्हणून त्यांनाच महाडीबीटीचं, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं, लॉगिन उघडायला सांग आणि शेजारी बसून अर्जाची स्थिती बघ. अर्ज लिपिकाकडून प्राचार्यांकडे, तिथून विभागाकडे जातो. उत्पन्नाचा दाखला जुना, शिक्षणात खंड पण प्रतिज्ञापत्र नाही, अशा कारणांनी तो परत येतो. एसएमएस जातो वडिलांच्या बंद नंबरवर, आणि मुदत निघून जाते.

यापेक्षाही फसवी गोष्ट बँकेची. खात्याला आधार जोडलेलं असलं तरी एनपीसीआयच्या, म्हणजे आधारवरून सरकारी पैसे कोणत्या बँकेत जायचे हे नोंदवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत तेच खातं असेल असं नाही. शाळेत असताना काढलेलं, व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं खातं तिथे असलं, तर पैसे अडकतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे ही जोडणी कोणत्या बँकेशी आहे ते, दिसतं. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द, दोन्ही तपास. चूक निघाली तर त्याच आठवड्यात बँकेत सीडिंगचा फॉर्म द्यायला लाव.

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेची माहिती दे. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. पण हे पैसे उशिरा येतात. तोवर खोलीभाडं कुठून भरणार, हे आधीच विचार. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना तुमच्याकडे चालू असेल तर नाव लगेच नोंदव.

हजेरी दर आठवड्याला बघ. ७५ टक्क्यांची अट सत्राच्या शेवटी दाखवून उपयोग नसतो. एखादी मुलगी ठरावीक वारी पहिल्या तासाला नसेल, तर आधी एसटीची वेळ विचार.

पहिल्या चाचणीचे पेपर हातात देऊन गुण कुठे गेले ते दाखव. मराठी माध्यमातून आलेल्यांना उत्तर येत असतं, पण इंग्रजी प्रश्नातला 'जस्टिफाय' नेमकं काय मागतो हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणि एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहूनही पुढे जाता आलं, तर पुढच्या परीक्षा अर्जात तो राहिलेला विषय निवडलाय का, हे फी भरण्याआधी स्वतः वाचून घे.

तुझा,
एक सहकारी