तो शांत असतानाच निघा

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. मॉलमध्ये गेलो की थोड्याच वेळात कान झाकून जमिनीवर आडवा होतो, किंचाळतो. लाडावलाय, असं लोक म्हणतात. त्याला बाहेर नेणं बंद करावं का?

उत्तर : बंद करू नका, नेण्याची पद्धत बदला. हट्ट करणारं मूल हवं ते मिळालं की सहसा थांबतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा, काहीही हातात दिलं तरी फरक पडत नाही, कारण आवाज, उजेड, गर्दी त्याला सहन होत नसते. आवाज-स्पर्शाला अति किंवा फारच कमी प्रतिसाद देणं हे २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेतल्या स्वमग्नतेच्या निकषांतही आहे. तुमचा मुलगा कान झाकतो, म्हणजे काय टोचतंय ते तो सांगतोच आहे. आधी तुम्ही एकट्याने जाऊन या आणि नुसतं ऐका. स्वच्छतागृहातलं हात वाळवण्याचं मशीन अचानक गरजतं, ते आपल्या लक्षातही येत नाही. गर्दी नसलेली वेळ निवडा, कानावर हेडफोन असू द्या.

पहिली फेरी दहा मिनिटांची. आत जायचं, ठरलेली एकच वस्तू घ्यायची, पैसे द्यायचे, बाहेर. आणि तो शांत असतानाच निघायचं. ‘आज छान राहिलाय, तर आणखी दोन कामं उरकू’ या मोहापायीच कितीतरी फेऱ्या बिघडतात. तरीही बिनसलंच, तर भरलेली ट्रॉली तिथेच सोडा, शांत कोपरा गाठा. त्या क्षणी समजावू नका; शब्दही त्याला आवाजच वाटतात.

प्रश्न : माझी मुलगी बोलत नाही. कुठे जायचंय हे तिला कसं कळावं?

उत्तर : फोटो दाखवून. त्याच जागेचे, क्रमाने लावलेले : गाडी, दार, बाक, आणि शेवटी घर. घराचा फोटो विसरू नका. हे संपणार आहे, हे तिला त्यावरूनच कळतं. अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या ‘सोशल स्टोरी’चाही उपयोग होतो : तिथे काय दिसेल, कोण भेटेल, हे साध्या वाक्यांत, चित्रांसह. अगोदरचे काही दिवस रोज वाचून दाखवा. बेत बदलू शकतो, म्हणून एक प्रश्नचिन्हाचं कार्डही ठेवा आणि त्याची सवय घरीच, एखाद्या आवडत्या बदलाने लावा.

प्रश्न : बघणाऱ्यांना काय सांगावं?

उत्तर : ‘त्याला ऑटिझम आहे, थोडी जागा द्या.’ बस. तुमचं लक्ष तेव्हा मुलाकडेच हवं.

प्रश्न : मुलगा हात सोडून पळतो. फार भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. २०१२ साली ‘पेडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात आलेल्या अमेरिकी पाहणीत, चार वर्षांवरच्या जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी एकदा तरी असं निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नाही. म्हणून आता जबाबदारी कुणाची, ते नाव घेऊन ठरवा. मनगटावर फोन नंबरचा पट्टा असावा, आणि निघताना त्याच दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. दिसेनासा झालाच, तर मदत मागवतानाच सर्वात आधी जवळचं पाणी पाहा : तळं, विहीर, हौद. अशा अनेक मुलांना पाण्याची ओढ असते.