वडिलांची पेटी, तंबोरा आणि तबला-डग्गा घरात पडून आहेत, वाजवत कोणीच नाही. ठेवावेत का? ठेवायचे तर कसे?

तुम्ही लिहिलंय की तिन्ही वाद्यं पंधरा वर्षं माळ्यावर आहेत, फ्लॅट लहान आहे आणि काढून टाकायला मन होत नाही. ठेवायचं की द्यायचं हे नंतर ठरवा, आधी ती माळ्यावरून खाली घ्या. स्लॅबखालचा माळा एप्रिल-मेमध्ये तापतो, जुलैत दमट होतो आणि उंदरांना तिथे कोणी हटकत नाही. लाकूड असं वर्षानुवर्षं आकुंचन-प्रसरण पावत राहिलं की सांधे सुटतात. बेडरूमची आतली, म्हणजे बाहेरच्या भिंतीला न लागलेली बाजू सगळ्यात बरी. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो वाद्याशेजारी ठेवा.

चामडं, तारा, बनात (पट्ट्यांखालचं लोकरी कापड) आणि तबल्याच्या तोंडावरची कातडी पुडी वाजवा किंवा न वाजवा, खराब होणारच, पण त्या बदलता येतात. पेटीचे सूर (हवेने थरथरून आवाज देणाऱ्या धातूच्या जिभा), तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी), तबल्याचं खोड (लाकडी अंग) यांना जपायचं. वाद्य ठेवण्याजोगं आहे का, हेही यांच्याकडेच बघून ठरतं.

न वाजवल्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान पेटीचं होतं. भात्याच्या घड्यांवरचं चामडं न हलता कडक होतं आणि कोपऱ्यात चिरतं. पट्ट्यांखालच्या झडपांना जे मऊ चामडं असतं त्याला कसर लागते. मग पट्टी न दाबताही एखादा सूर बोलत राहतो. भाता तपासायला सगळे खटके (पेटीच्या समोरची, ओढून उघडायची बटणं) बंद करा, भाता भरा आणि हात काढून घ्या. भाता लगेच बसला किंवा सुसकारा ऐकू आला तर हवा कुठूनतरी निसटते आहे. पेटलेली उदबत्ती चार बोटं अंतरावरून घड्यांच्या कोपऱ्यांजवळून हळू फिरवा. धूर जिथे हलेल तिथे फट. एखादा कोपरा गेला असेल तर चामड्याची पट्टी लावून भागतं. सगळीकडून हवा जात असेल तर भाता नवाच करावा लागतो.

सूर पितळेचे असतात. दमट हवेत त्यांवर हिरवट थर येतो आणि जीभ व चौकट यांच्यामध्ये धुळीचा कण अडकला की सूर मुका होतो किंवा खरखरतो. पेटी उघडायची हिंमत असेल तर सूर बसवलेल्या फळीचे स्क्रू सोडा, फळी सरळ वर उचला आणि उलटी करण्याआधी फोटो काढून ठेवा. प्रत्येक सूर दोन बारीक स्क्रूंनी धरलेला असतो, ते सोडू नका. पातळ, गुळगुळीत कागदाची पट्टी जिभेच्या मोकळ्या टोकाकडून आत सरकवा, ओढून काढा आणि वरून कोरडा मऊ ब्रश फिरवा. एवढंच. तेल, पितळ घासायची पेस्ट, पॉलिशपेपर यांपैकी काहीही वापरायचं नाही. टोकाकडचा धातू घासला गेला की सूर चढतो, मुळाशी घासला गेला की उतरतो, आणि गेलेला धातू परत येत नाही.

पावसाळ्यात पट्टी अडकली म्हणून तिची कड घासायला जाऊ नका. दिवाळीनंतर लाकूड सुकतं, तिथे फट पडते आणि पट्टी खडखडायला लागते. डिसेंबरपर्यंत थांबून बघा.

पेटी ठेवायची असेल तर महिन्यातून दहा मिनिटं आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा भाता मारून प्रत्येक पट्टी प्रत्येक खटका उघडून दाबायची. वाजवता येत नसलं तरी हे कोणालाही जमतं. ठेवताना भाता बंद करून अडकवा, खटके बंद ठेवा, आडवी करू नका. डांबराच्या गोळ्या पेटीच्या आत टाकू नयेत, त्यांची वाफ सुरांवर बसते. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून पेटीबाहेर, खोक्यात ठेवले तर कसर दूर राहते. सिलिका जेलची पाकिटंही चालतील, पण निळे दाणे गुलाबी झाले की ती निकामी झाली असं समजा आणि तापवून पुन्हा निळी करा.

पेटी दुरुस्तीला देताना एक सावधगिरी बाळगा. जुन्या पेटीत जर्मन किंवा पॅरिसचे सूर असतील तर कित्येकदा पेटीपेक्षा त्यांचीच किंमत जास्त असते. ‘हे गेलेत, नवे बसवून देतो’ असं कोणी म्हणालं तर काढलेले सूर परत मागा. आत काही शिक्का वा नाव असेल तर देण्याआधीच त्याचे फोटो घेऊन ठेवा.

तंबोऱ्याकडे जरा निवांत बघा. कोपऱ्यात टेकून उभा ठेवलेला तंबोरा गुळगुळीत फरशीवरून कधीतरी घसरतोच, आणि भोपळा पडला की मडक्यासारखा फुटतो. जुन्या लुगड्याची जाड चुंबळ करून भोपळा तिच्यावर टेकवा, दांडीखाली उशी द्या आणि आडवा ठेवा. तारा पूर्ण चढवून वर्षानुवर्षं ठेवल्या तर घोडीखालची (घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो आडवा तुकडा) तबली हळूहळू खाली बसते. पूर्ण सोडल्या तर घोडी जागेवरून सरकते, कारण ती बऱ्याचदा तारांच्या दाबावरच उभी असते. म्हणून दोन-तीन स्वर उतरवून ठेवायचा. घोडी कुठे आहे त्याची पेन्सिलीने बारीक खूण करा. डोळा तबलीच्या पातळीत आणून बाजूने बघा. घोडीखाली तिचा हलका फुगवटा शिल्लक असेल तर ठीक, खड्डा दिसला तर कारागिराचं काम आहे. दांडीवरूनही एकदा नजर टाका, वाकली असेल तर लगेच कळते.

‘आवाजच गेला’ म्हणून टाकून दिलेल्या तंबोऱ्यांत बऱ्याचदा फक्त जवारीचे, म्हणजे तारेला झंकार देणारे, दोरे पडलेले असतात. शिवायचा साधा सुती दोरा घोडीवर तारेखाली सरकवा आणि तार छेडत पुढेमागे करा, एका जागी आवाज उघडेल. तरी नाही उघडला तर घोडीवर तारांच्या खाचा पडल्या असतील. मग जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा पुन्हा घासून, घ्यावी लागते, ती घरी कानस घेऊन करण्याचं काम नाही.

तारा काळवंडल्या असतील तर बदला, पण एका वेळी एकच. जुन्या तारेचा तुकडा दुकानात न्या म्हणजे जाडी चुकणार नाही. उतरलेला तंबोरा एका दिवसात चढवू नका, दोन-तीन दिवस घ्या. खुंटी घसरत असेल तर खडू चोळा. अडकली असेल तर पक्कड लावू नका, कोरडा मोसम येऊ द्या.

भोपळ्याला बारीक तडा असेल तर आतून कापड आणि सरस लावून तो धरतो. हे मिरजेतले कारागीर पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत (तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं). भोपळा चेचला गेला असेल तर नवा बसतो, पण आवाज वेगळा येतो.

तबल्याची पुडी जपण्यात अर्थ नाही. एवढ्या वर्षांत शाई (मधला काळा गोल) सुटलेली असते, चाट (कडेची कातडी) चिरलेली असते. खोड पाहा: कडेला तडा नाही ना, बोटाने ठोकल्यावर टणक वाजतं ना, हाताला जड लागतं ना. तसं असेल तर खोड ठेवा आणि जेव्हा वाजवणारा मिळेल तेव्हा पुडी चढवा. पुडी चांगली निघाली तर आठही गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) हातोडीने थोडे थोडे वर सरकवा, समोरासमोरच्या जोड्यांनी, म्हणजे ताण एका बाजूला जात नाही. ओल्या फडक्याने पुसू नका. तांब्या-पितळेचा डग्गा भंगारात घालू नका, पोचे काढता येतात.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर आधी बॅटऱ्या काढा. त्या आत फुटल्या की स्प्रिंगा आणि सर्किट दोन्ही खातात.

परदेशात पाठवायचा किंवा विकायचा विचार असेल तर घोडी आणि नक्षी कशाची आहे ते पाहून घ्या. जुन्या तंबोऱ्यात हस्तिदंत किंवा सांबरशिंग सापडतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांचा व्यापार बंद आहे आणि विमानतळावर अख्खं वाद्य अडकू शकतं. घोडी बदलून घेतली तर प्रश्न बराच सुटतो, नक्षीचं मात्र कारागिराला विचारा. शिवाय युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात हीटरने हवा फार कोरडी होते, तिथे सांधे उघडतात.

माझं मत विचाराल तर पेटी द्या, तंबोरा ठेवा, तबल्याचं खोड पाहून ठरवा. पेटी वापरात राहिली तरच टिकते, त्यामुळे एखाद्या भजनी मंडळाला किंवा शिकणाऱ्या मुलाला दिली तर ती माळ्यावर पडून राहण्यापेक्षा चांगली राहील. मन तयार नसेल तर ‘वापरायला दिली आहे’ असं दोन ओळींत लिहून उसनी द्या. मिरजेला तंबोरा न्यायचा तर दसऱ्यानंतर न्या, ओल्या हवेत सरस नीट सुकत नाही. आणि खंडेनवमीला वाद्यांची पूजा करत असाल तर हळद-कुंकू पेटीच्या पट्ट्यांवर वाहू नका, बाहेरच्या खोक्यावर वाहा. पट्ट्यांच्या फटींतून ते थेट झडपांच्या चामड्यावर जाऊन बसतं.